‘त्रागा’ हा शब्द कुठे वापरावा, कुठे गिळावा: कोकणात नव्याने आलेल्यांसाठी

मी मूळची लातूरकडची. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा मालवण तालुका नकाशात शोधावा लागला होता. नोकरी एका सहकारी संस्थेत, आणि पहिल्याच महिन्यात गळ्यात पडलेलं काम म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहिणं. मराठी मातृभाषा, शाळेत निबंधाला बक्षिसं. म्हटलं, यात काय अवघड आहे?

त्या सभेत एक वयस्क सभासद उभे राहिले. सगळे त्यांना आबा म्हणतात. अवकाळी पावसाने आंब्याचा मोहोर काळा पडला होता, कर्जाचा हप्ता थकला होता आणि ते मुदत वाढवून मागत होते. समोरून तिसऱ्यांदा ‘बघू, पुढच्या सभेत घेऊ’ आलं, तसा आबांनी खांद्यावरचा टॉवेल टेबलावर आपटला. "पुढच्या सभेक कित्याक? उद्या कोयतो घेतंय नि सगळी कलमां तोडून टाकतंय! घाला तुमच्या चुलीत!" आणि निघून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला, वर साय धरली.

मी वहीत लिहिलं: ‘सदर सभासदांनी त्रागा करून सभात्याग केला.’ त्रागा, त्याग! वाक्याचा नाद मला फार आवडला होता.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात. मीच वाचत होते. त्या ओळीवर आले आणि आबा उभे राहिले. या वेळी आवाज चढला नाही. "बाई, कलमां माझी जळली. नि त्रागो मी केलंय? म्हणजे माझां गाऱ्हाणां खोटां?"

शब्दकोश उघडला तर मी बरोबर होते. आबांनी जे केलं त्याला मराठीत त्रागाच म्हणतात. तरीही तो शब्द त्या वहीत जायला नको होता, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कारकून, बातमीदार किंवा लग्न होऊन आलेली सून, कुणीही असा. परगावाहून येऊन इथे मराठीत बोलणार-लिहिणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी.

सोबत काय लागेल

– मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी वाढवलेली १८५७ ची. जुना असला तरी रागलोभाच्या शब्दांना त्याच्याइतका तोलून दुसरा सापडणं कठीण.

– दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले सात खंड. हा आणि मोल्सवर्थ, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. शब्द देवनागरीत टाकून शोधता येतो.

– खिशात मावेल अशी वही. ऐकलेलं वाक्य अख्खं लिहा, नुसता शब्द नको. कोण कुणाला म्हणालं हेही लिहा.

– तुमच्या आधीच्या माणसाने लिहिलेली इतिवृत्तं किंवा टिपणं. कार्यालयात नोकरी असेल तर पहिल्या आठवड्यात हीच वाचा. मी वाचली नव्हती.

– विचारायला एक जिवंत माणूस. माझ्यासाठी ती माझी घरमालकीण, काकी. तिने शाळा सातवीत सोडली, पण कुठल्या शब्दाने माणूस दुखावेल हे तिला कोशापेक्षा आधी कळतं.

१. आधी फटका कुणाला बसतोय ते बघा

रागाचे शब्द मराठीत पोत्याने आहेत. त्यातून त्रागा वेगळा काढायचा तर एकच गोष्ट बघायची: राग दुसऱ्यावर आहे, पण फटका स्वतःला बसतोय का?

जेवणाचं ताट सारून उपाशी झोपणं, कपाळ बडवून घेणं, ‘मी मेलो म्हणजे कळेल तुम्हाला’, ‘उद्याच राजीनामा देतो’, ‘विकून टाकतो हे घर, राहा रस्त्यावर’. यातलं घर त्याचंच असतं आणि रस्त्यावर तोही येणार असतो. आबांनी अध्यक्षांच्या खुर्चीला हात लावला नाही. तोडायची म्हणाले ती स्वतःची कलमं, वडिलांनी लावलेली.

काकीचा त्रागा मी जवळून पाहिलाय. एका रविवारी तिने तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. सकाळपासून तिसऱ्या पाण्यात घालून वाळू काढणं, एकेक शिंपली विळीवर धरून उघडणं, खोबरं भाजणं. दुपारी मुलगा ताटावर बसला तो मोबाईलमध्ये डोकं घालून. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा काकीने त्याला काही म्हटलंच नाही. स्वतःच्या ताटात वाढून घेतलेल्या तिसऱ्या परत टोपात ओतल्या, वर झाकण घातलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "उद्यापासून मी काय करूचंय नाय. माका पण नको." आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपली. मुलगा पोटभर जेवला होता. उपाशी राहिली ती काकी.

एक भांडं आपटलं नाही, आवाज फारसा चढला नाही, तरी हा शंभर नंबरी त्रागा. त्याला आरडाओरडा लागतोच असं नाही, हे नवख्यांच्या पटकन लक्षात येत नाही.

आणखी एक. त्राग्याला बघणारं माणूस लागतं, तेही आपलं काही वाटणारं. एकटा माणूस जंगलात चिडेल, वैतागेल, दगडाला लाथ मारेल. त्रागा नाही करणार.

२. शब्दाचं जुनं रूप माहीत करून घ्या

हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. पण मी हे वाचलं तेव्हा आबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, म्हणून सांगते.

गुजरात-काठियावाडात भाट आणि चारण या समाजाचे लोक कर्जाला, करारमदाराला, वाटेवरच्या मालाला जामीन राहायचे. त्यांचं रक्त सांडणं महापाप मानलं जाई, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे हमी. कुणी करार मोडला तर हा जामीनदार समोरच्यावर हत्यार उचलत नसे. तो स्वतःला कट्यारीने जखम करून घेई, प्रसंगी स्वतःचा किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा जीव घेई, आणि ते पाप करार मोडणाऱ्याच्या माथी बसे. या प्रकाराचं नाव त्रागा. गुजरातीत ‘त्रागुं’ शब्द आजही आहे.

आपल्याकडचं धरणं याच घरातलं. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा, आणि दारात माणूस उपाशी असताना घरातल्याने जेवायचं कसं? आज मोर्चेवाले ‘धरणे आंदोलन’ करतात, त्यातला धरणे हा शब्द तिथला.

इंग्रजांनी १८६० च्या भारतीय दंडविधानात यासाठी कलमच घातलं, कलम ५०८: आपण ऐकलं नाही तर देवाचा कोप होईल असं भासवून कुणाला काही करायला लावणं हा गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कलमाखाली दोन उदाहरणं दिली आहेत. एकात माणूस दारात धरणं धरून बसतो. दुसऱ्यात तो म्हणतो, तू अमुक केलं नाहीस तर मी माझ्याच एका मुलाला मारीन. माझ्याच! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही हे कलम आहे.

आज त्राग्यात रक्त उरलेलं नाही, देवाचा कोपही नाही. पण ज्याच्या हाती सत्ता नाही तो स्वतःला दुखवून समोरच्याला लाजवायला बघतो, हा गाभा जसाच्या तसा आहे. ‘घाला तुमच्या चुलीत’ हे वाक्य परत वाचा.

३. शेजारपाजारचे शब्द ओळखा

नव्या माणसाची खरी गडबड इथे होते. हे शब्द एकमेकांच्या जागी टाकले की वाक्य व्याकरणात बसतं आणि माणूस मात्र भलताच उभा राहतो.

*थयथयाट.* हा पायांत असतो. थयथय हा नाचण्याचा आवाज. खरा थयथयाट बघायचा असेल तर कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की एखाद्या गावात रात्रभर दशावतार बघा. मागे मृदंग, झांज आणि पायपेटी, रंगमंचावर एक लाकडी बाकडं, आणि राक्षस प्रवेश करतो तो फळ्या हलवतच. ते पाहिल्यावर साहेब टेबलाभोवती फेऱ्या मारत ओरडतात त्याला थयथयाट का म्हणतात हे वेगळं सांगावं लागत नाही. शब्दात थोडी टिंगल आहे. ज्याचा थयथयाट होतो तो बघणाऱ्याला हास्यास्पद वाटतो.

*आदळआपट.* ही वस्तूंवर. भांडी, दारं, फायली, कंडक्टरचं तिकिटांचं यंत्र. वस्तू नसेल तर आदळआपट नाही. काकी म्हणते, आदळआपटीला भांडं फुटणारं घेत नाहीत, स्टीलचं घेतात. आवाज मोठा आणि नुकसान शून्य. त्राग्यात हा हिशेब राहत नाही.

*आकांडतांडव.* कारण मोहरीएवढं आणि गोंधळ डोंगराएवढा, तेव्हा हा शब्द. यात बोलणाऱ्याचा निकाल आधीच लागलेला असतो की एवढं करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ज्याचं खरंच मोठं नुकसान झालंय त्याच्याबद्दल आकांडतांडव म्हणणं हे त्राग्यापेक्षाही वाईट. मी निदान ते लिहिलं नव्हतं.

*आगपाखड.* तोंडाची. सुपात धान्य पाखडतात तशी आग पाखडायची. हिला ‘कुणावर’ ते लागतंच: सरकारवर, विरोधकांवर, सुनेवर. ती व्यक्ती समोर नसली तरी चालते, किंबहुना नसली तर जास्त रंगते. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका वापरलाय की आता साध्या टीकेलाही आगपाखड म्हणतात. तुम्ही नका म्हणू.

*तणतण* म्हणजे पुटपुटत, पाय आपटत निघून जाणं. *फणकारा* क्षणभराचा, एका वाक्याचा, मान झटकून; तो बहुतेक बायकांच्याच नावावर लिहिला जातो, म्हणून मी लेखी वापरत नाही. *चडफडाट* आणि *धुसफूस* आतल्या आत. ते बाहेर पडत नाहीत, तेव्हा उद्रेकाच्या यादीत घ्यायलाच नकोत.

*कांगावा.* हा मात्र नीट समजून घ्या, कारण यावरून भांडणं कोर्टात गेलेली आहेत. कांगावा म्हणजे आपणच आगळीक करून उलट आपल्यावर अन्याय झाला म्हणून बोंबलणं. कांगावा खोटाच असतो. त्यामुळे ‘खोटा कांगावा’ म्हणजे पांढरं दूध. त्रागा बहुतेक वेळा खऱ्या दुःखातून येतो, कांगावा डावातून. आबांना ‘त्रागो’ शब्दात ‘खोटां गाऱ्हाणां’ ऐकू आलं, कारण बोलीत लोक या दोन शब्दांतली भिंत फारशी जाड ठेवत नाहीत. एखाद्याच्या त्राग्याला तुम्ही कांगावा म्हणालात तर तो माणूस पुन्हा तुमच्या दारात येणार नाही.

लहान मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. शहरातून आलेले आईबाप मुलाच्या टॅन्ट्रमला सरसकट त्रागा म्हणू लागलेत. तीन वर्षांचं पोर दुकानासमोर जमिनीवर पडलं तर त्याने लोळण घेतली, भोकाड पसरलं, हट्ट केला, थयथयाट केला. त्रागा करायला आपण उपाशी राहिलो तर आईला वाईट वाटेल हे कळायला लागतं. ते कळलं की करतंच म्हणा.

४. व्याकरण उरकून घ्या

शब्द पुल्लिंगी: तो त्रागा. त्रागा ‘करतात’. राग येतो, संताप येतो, पण ‘मला त्रागा आला’ म्हणत नाहीत. विभक्ती लागली की ‘त्राग्या’ होतं: त्राग्याने म्हणाला, त्राग्यापोटी सही केली, त्राग्याच्या भरात बोलून गेली. ‘त्रागाने’ चूक. ‘त्रागणे’ असं क्रियापद बोलण्यात ऐकलेलं नाही. तिथे वैतागणे, कातावणे वापरा.

‘जिवाचा त्रागा करून घेऊ नकोस’ हे सगळ्यांत जास्त कानावर पडणारं वाक्य. त्यात ‘करून घेणे’ आहे ते बघा. भाषेलाच माहीत आहे की हा स्वतःवर ओढवून घ्यायचा प्रकार आहे.

मालवणीत ओकारान्त होतो: त्रागो. ‘कित्याक त्रागो करतंस गो?’ त्रास आणि त्रागा यांची सरमिसळ परभाषक फार करतात. त्रास दुसरा देतो. त्रागा आपला आपण करतो.

५. कोण कुणाला म्हणतंय ते तपासा

आमच्या संस्थेत साहेब चिडले की ‘साहेबांनी झापलं’, ‘हजेरी घेतली’, ‘खरडपट्टी काढली’ म्हणतात. शिपाई चिडला की ‘तो त्रागा करतोय’. आवाज तेवढाच, शब्द वेगळा. शब्द रागाच्या उंचीवरून ठरत नाही, खुर्चीच्या उंचीवरून ठरतो. ज्याच्या रागाने काही घडू शकतं त्याच्या रागाला त्रागा म्हणत नाहीत. साहेबांना त्रागा करताना एकदाच पाहिलं, त्यांच्या बदलीची ऑर्डर आली त्या दिवशी.

तेव्हा हा शब्द तोंडात येण्याआधी बघा: मी या माणसाच्या वर आहे की खाली?

स्वतःबद्दल बिनधास्त वापरा. ‘मी उगाच त्रागा केला’ ही चांगली, मोकळी माफी आहे. घरात मोठ्याने लहानाला मायेने म्हटलं तर चालतं. काकी मला दहादा म्हणते. बरोबरीच्या मैत्रिणीला म्हणायचं तर तिचा राग उतरल्यावर, चहा घेताना. वयाने मोठ्या माणसाला, त्यातून ज्याचं काम तुमच्या टेबलावर अडलंय अशा माणसाला तोंडावर ‘त्रागा करू नका’ कधीच म्हणू नका. त्याचा अर्थ ‘तुमच्या रागाने इथलं काही हलणार नाही’ असाच लागतो, आणि तो बरोबर लागतो.

मग काय म्हणायचं? ‘आबा, बसा. सांगा सगळं, मी लिहून घेते.’ एवढं पुरतं. पेन उघडलेलं दिसलं पाहिजे.

६. कोकणात हे सापळे जपा

घाटावरून आलेल्या माणसाला इथे आठवडाभर सगळीकडे भांडणंच दिसतात. पहिल्या शनिवारी मासळीबाजारात दोन बायका एकमेकींच्या अंगावर धावून जाणार असं वाटून मी मध्ये पडले होते. त्या गजाली मारत होत्या. एकीच्या भाचीचं लग्न ठरलं होतं. आवाजावरून राग मोजण्याची सवय इथे पहिल्यांदा सोडा. वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात बोलायला शिकलेल्या गळ्यांचा साधा सूरच वरचा असतो.

शिव्यांचंही तसंच. ‘मेल्या, खंय होतंस इतके दिवस?’ यात मरण नाही, जिव्हाळा आहे. ‘शिरा पडो तुझ्या तोंडार’ हे आजी नातवाला लाडाने म्हणते आणि शेजारणीला खरोखर म्हणते. फरक चेहऱ्यावर असतो. हातातून बांगडा निसटला, लाईट गेली, एसटी चुकली, की ‘आवशीचो घो’ निघतोच. त्याला कुणी रागाचा उद्रेक समजून इतिवृत्तात घेत नाही. तुम्ही मात्र हे शब्द पहिलं वर्षभर वापरू नका. उच्चार बरोबर आला तरी सूर चुकतो, आणि मग विनोदाची शिवी होते.

खरा राग आला की इथला माणूस उलट गप्प होतो, निदान मी पाहिलेले तरी. आबांचा दुसऱ्या सभेतला शांत आवाज मला टॉवेल आपटण्यापेक्षा जास्त लागला.

‘खवळणे’ हे क्रियापद माणूस आणि समुद्र दोघांना सारखंच लागतं. ‘दर्या खवळलो’ आणि ‘बापूस खवळलो’. खवळलेल्या समुद्रापुढे कुणी वाद घालत नाही, होडी वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन शांत हो म्हणतात. खवळण्यात दुबळेपणा नाही, दबदबा आहे. म्हणून एखाद्या ज्येष्ठ माणसाच्या रागाबद्दल तिसऱ्याशी बोलायचं असेल तर ‘आबा खवळले होते’ म्हणा. त्यांच्या कानावर गेलं तरी ते मिशीत हसतील.

मग शिमगा. मराठीत ‘शिमगा करणे’ म्हणजे चारचौघांत आरडाओरडा, अब्रूचा पंचनामा, बोंबाबोंब. कोकणात शिमगा म्हणजे वर्षाचा मोठा सण, गणपतीच्या तोडीचा: फाल्गुनात होळी, देवाची पालखी घरोघरी, मुंबईचे चाकरमानी गावात. मी एकदा सहकाऱ्याला म्हटलं, ‘त्या बाईंनी काल काउंटरवर नुसता शिमगा केला.’ त्याने निरागसपणे विचारलं, ‘आमच्याकडे अजून पालखी यायची आहे, त्यांच्याकडे झाली पण?’ थट्टा होती हे मला संध्याकाळी कळलं. शब्द वापरायला हरकत नाही, पण फाल्गुनात टाळा. ‘शिमगा गेला नि कवित्व राहिलं’ ही म्हण मात्र बारमाही आहे. भांडण मिटलं तरी त्याची चर्चा उरते, तेव्हा ती कामी येते.

आणि गाऱ्हाणं. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, रडगाणं. इथे गाऱ्हाणं देवाला घालतात. गावकार किंवा मानकरी देवळात उभा राहून ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू करतो, गावाची, घराची, गुराढोरांची अडचण एका लयीत मांडतो आणि दर वाक्याला मागचे सगळे ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात. म्हणजे गाऱ्हाण्याला मान आहे, ऐकणारा आहे, साक्षीदार आहेत. त्राग्याला यातलं काहीच नाही. आबा सभेत गाऱ्हाणं घालायला उभे राहिले होते. मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारं कुणी नव्हतं, तेव्हा टॉवेल आपटला. मी लिहिला फक्त टॉवेल.

७. कागदावर लिहिताना

इतिवृत्त, अर्ज, पंचनामा, बातमी, शाळेच्या शेऱ्यांची वही. या सगळ्यांत त्रागा, थयथयाट, आकांडतांडव, कांगावा हे शब्द बाहेर ठेवा. ते शब्द माणसाच्या मनाबद्दल निकाल देतात, आणि तुम्हाला तिथे निकाल द्यायला बसवलेलं नाही. काय घडलं, काय मागितलं, काय उत्तर मिळालं, एवढं लिहा. राग नोंदवणं गरजेचंच असेल तर ‘तीव्र नाराजी व्यक्त केली’, ‘हरकत नोंदवली’, ‘निषेध नोंदवला’ हे बेचव पण सुरक्षित शब्द आहेत. बेचव असणं हेच त्यांचं काम.

एक सापळा असा की लोक ‘नाराजी’ लिहितात आणि मागणी गाळतात. हे त्राग्याइतकंच वाईट. माणूस चिडला एवढंच उरतं, कशासाठी ते जातं.

बातमीदार मित्रांना एक विनंती. मथळ्यात ‘शेतकऱ्याचा त्रागा’ छान दिसतं, जागेत बसतंही. पण ज्या शेतकऱ्याने खरोखर स्वतःची उभी बाग तोडली त्याला ते वाचावं लागतं.

कथा-कादंबरी लिहीत असाल तर मात्र मनसोक्त वापरा. तिथे दुसऱ्या कुठल्या शब्दाने काम होणार नाही.

८. चुकून लिहून बसलात तर

पांढरी शाई लावू नका, पान फाडू नका. इतिवृत्त कायम व्हायचं असेल तर अजून उशीर झालेला नाही. ज्या सभेत ते वाचलं जातंय त्याच सभेच्या इतिवृत्तात दुरुस्ती घ्यायची: ‘मागील सभेच्या इतिवृत्तात विषय क्रमांक अमुकमध्ये “…” याऐवजी “…” असे वाचावे. या दुरुस्तीसह इतिवृत्त कायम करण्यात आले.’ जुन्या ओळीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी अध्यक्षांची आद्याक्षरी सही आणि तारीख.

आमच्या सचिवांनी त्या दिवशी मला नेमकं हेच करायला लावलं, सगळ्यांसमोर. नवीन ओळ मी आबांना विचारून लिहिली. ते थांबून थांबून सांगत होते: मोहोर गेला त्याचा महिना, कलमं किती, हप्ता किती, मुदत किती हवी. शेवटी विचारलं, "आणखी काही?"

"कोयत्याचा लिवलंस?"

"नाही."

"बरा केलंस," म्हणाले, आणि समोरचा चहा उचलला.